अकरा फोन आणि काळा चष्मा

१

श्रीकांतला एक वाईट खोड होती. सरळ प्रश्न विचारला की तो उत्तर देत नसे. समोरच्यालाच जेवला का म्हणून विचारी. "लाइटचं बिल भरलं का रे?" "आई, तू जेवली का?" "बगीच्यात फवाराले माणूस आला होता का?" "जेवली का तू?" त्याच्या आईचं, पंचफुलाबाईंचं, म्हणणं असं, की हा पांढुर्ण्याच्या शाळेत पोरांना गणित शिकवतो, तिथं एखाद्या पोरानं उत्तराच्या जागी 'सर, जेवले का' लिहिलं तर हा मार्क देईल का? सौंसरच्या त्या गल्लीत मात्र त्याचं कोण कौतुक. आई जेवल्याशिवाय घास घेत नाही, असा मुलगा. पंचफुलाबाई ऐकून घेत आणि मनात म्हणत, घास तर घेतो, उत्तरच तेवढं देत नाही.

मार्गशीर्षातल्या एका बाजाराच्या दिवशी त्या अशाच मनातल्या मनात कुरकुरत मेथीच्या जुड्या चाळवत होत्या. तेवढ्यात समोर तिगावची अंबाबाई दिसली. अंबाबाई म्हणजे माहेरची मैत्रीण; दोघींनी एकाच विहिरीवर घागरी फोडलेल्या. तिनं पंचफुलाबाईंकडे पाहिलं आणि तोंड फिरवून मुळ्याच्या ढिगाकडे वळली.

"काहून वं अंबे, मुळा माह्यापेक्षा देखणा आहे का?"

"मुळ्याले फोन लावला तर तो तरी उचलन," अंबाबाई म्हणाली.

"कोणाचा फोन नाही उचलला म्या?"

"तुह्या भावाचा. भाऊबीजेले. सकाळी आठपासून टेम्पो घेऊन पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर बसला होता. अकरा वेळा लावला. दर वेळी त्यात एक बाई बोले म्हणते, की हा नंबर तुमचा फोन घेत नाही. बारा वाजता वापस आला. तुले बसाले टेम्पोत गादी टाकून नेली होती, तशीच घडी करून आणली."

पंचफुलाबाईंनी मेथीची जुडी हळूच खाली ठेवली. "मले एकही फोन आला नाही, अंबे."

"आता कायले बोलतं. मंग निरोपही तुनंच धाडला ना? बाईचं मन नाही, थोडे दिवस फोन करू नका म्हणून. तवापासून नत्थूजी कोणाशी बोलत नाही. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी डोळ्याचं आपरेशन झालं, काळा चष्मा घालून ओसरीत बसते. डोळे पुसताना दिसला तर म्हणते, आपरेशनचं पाणी आहे."

"निरोप कोणा हाती धाडला म्या?"

"ते तुले ठाऊक," म्हणून अंबाबाई मुळे न घेताच निघून गेली.

पंचफुलाबाईंनी निरोप धाडलाच नव्हता.

२

घरी येऊन त्या ओसरीत बसल्या. समोर कोपऱ्यात पत्र्याची हिरवी पेटी होती. दीड महिन्यापासून भरलेली, कुलूप लावलेली.

राखीला नत्थूजी आला तेव्हा ठरलं होतं. त्याची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, पंचफुलाबाईंचे मालक जाऊन नऊ. तो म्हणाला, "बाई, तिगावच्या घरात आता मी आन कबुतरं. तू ये रायले. दोघं म्हातारे भांडत राहू." आणि यांनी ओसरीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "भाऊबीजेले टेम्पो आण, मी पेटी भरून ठेवते." सुनेच्या, जयश्रीच्या, हातातला दुधाचा गंज निसटला होता. श्रीकांतनं विचारलं होतं, "आई, तू जेवली का?"

भावाबहिणीची एक रीत होती. भाऊबीजेला नत्थूजी अर्ध्या वाटेवरून विचारी, "बाई, निघू का?" आणि ही म्हणे, "ये." पूर्वी चिठ्ठीनं, मग शेजाऱ्यांच्या फोनवर, आता मोबाइलवर. तिच्या 'ये'शिवाय तो उंबऱ्यात पाय ठेवत नसे. आणि ती स्वतःहून त्याला कधी बोलावत नसे. ओवाळणी हा बहिणीचा मान; मान काय तोंडानं मागायचा?

त्या दिवशी त्या नऊवारी नेसून, पाटाभोवती रांगोळी घालून, ताट लावून बसल्या. बारा वाजले. श्रीकांत शेजारी येऊन म्हणाला, "मामा विसरले असतीन, आई." निरांजनातली वात विझली तशी त्यांनी पुन्हा लावली नाही. तेव्हापासून भावाला त्या जेवढं बोलल्या, तेवढं जन्मात कोणाला बोलल्या नव्हत्या. आणि सगळं फुकट. त्यानं तर अकरा वेळा विचारलं होतं.

त्यांनी मनगट उलटं करून घड्याळाकडे पाहिलं.

हे घड्याळ नातीनं, केतकीनं, आणलं होतं. केतकी नागपूरला नर्स. आजी बगीच्यात पाय घसरून पडली आणि फोन घरात राहिला होता, तेव्हा तिनं हे स्वतःचं सिम असलेलं घड्याळ हातात बांधलं. फोन जवळ नसला तरी घड्याळावरच बोलता येई. पुढं भलतेसलते फोन यायला लागले. एकानं तुमचं खातं बंद पडलं म्हणून सांगितलं, त्याला आजींनी पंधरा मिनिटं असं काही सुनावलं की त्यानंच फोन ठेवला. मग केतकीनं यादी केली. यादीतल्या नऊ माणसांचाच फोन घड्याळापर्यंत पोचणार, बाकीच्यांना ती ध्वनिमुद्रित बाई परत पाठवणार. आजींना अक्षर फारसं लागत नव्हतं म्हणून प्रत्येकाच्या नावापुढं त्याचा फोटो. पंचफुलाबाई गावभर सांगत, "कलेक्टरले कोणीही फोन लावू शकते, मले नऊच जण." स्वतः फोन लावायची वेळ त्यांच्यावर येत नसे, लागलाच तर "जयश्री, लावून दे" म्हणत.

आता त्यांनी हिशेब मांडला. घड्याळ त्या दिवशी बंद होतं का? नव्हतं. आठच्या सुमारास दूधवाल्या पुष्पाचा फोन आला होता, दूध उशिरा येईल म्हणून. साडेनवाला केतकीचा आला. म्हणजे रेंज होती, चार्जिंग होतं. एकटा नत्थूजीच दाराशी अडला. म्हणजे कोणीतरी त्याला यादीतून काढला होता.

आणि यादी होती देवघराच्या कोनाड्यातल्या जुन्या फोनमध्ये. तो फोन घरातल्या तिघांनाच उघडता येई. श्रीकांत, जयश्री, केतकी.

म्हणजे चोर भिंतीवरून आला नव्हता. तो रोज त्यांच्याच पंगतीला जेवत होता.

३

पहिला संशय सुनेवर जावा हे रीतीचंच होतं. जयश्री कणीक मळत होती.

"भाऊबीजेले सकाळी कोनाड्यातला फोन कोणापाशी होता?"

जयश्रीचे हात थांबले. "माह्यापाशी."

"काहून?"

"माह्या भावाशी बोलून राहिली होती. माह्या फोनचा रिचार्ज संपला होता. तुमी तिकडं ताट घेऊन बसल्या, मी इकडं लपून बोलली. तुमाले तुमचा भाऊ आहे, मले माझा नाही का, आई?"

"मंग माह्या भावाचं नाव तुनंच काढलं असंन, हात लागला म्हणून."

जयश्रीनं कणकेचा गोळा परातीत आपटला. "हे पाहा, तोंडावर सांगतो. तुमचे आठ लुगडे इस्त्री करून त्या पेटीत म्या ठेवले. कापूरही म्या टाकला. तुमी तिगावले गेल्या असत्या ना, तर मले सकाळचा एक कप चहा बसून प्यायले भेटला असता. पंचवीस वर्षं झाले, उभ्यानं पिऊन राहिली. मी कायले थांबवू तुमाले?"

पंचफुलाबाईंना एवढं झोंबणारं आणि एवढं खरं उत्तर त्या घरात बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. "मीठ कमी टाकजो," म्हणून त्या बाहेर आल्या. सून निर्दोष होती. कापूर घालून पेटी भरणारी बाई पेटी अडवत नाही.

मग केतकीला फोन लावायला लावला.

"आजी, नत्थूआबांले तर म्या सगळ्यांत पहिला ठेवला होता," केतकी म्हणाली. "त्यांचा तो संत्र्याच्या झाडाखालचा फोटो, हसताना. माह्याच फोनमधून टाकला. अन दिवाळीले मी आलीच कुठं? ड्युटी होती ना. यादी त्या एकाच फोनातून बदलते, इथून मले काही करता येत नाही. काय झालं?"

"काही नाही. डबा खात जा."

संध्याकाळी श्रीकांत आला. मोटारसायकल लावली, हँडलची डब्याची पिशवी काढून ओसरीत ठेवली. ती पिशवी म्हणजे पंचफुलाबाईंची वेगळीच तक्रार. त्यांचं जांभळं, पोपटी काठाचं लुगडं विरलं तेव्हा जयश्रीनं काठ कापून त्याची ही पिशवी शिवली. "माहं लुगडं रोज पांढुर्ण्याले जाते," त्या म्हणत, "आन मी घरात."

"श्रीकांता, दिवाळीपासून मामाले भेटला का तू?"

त्यानं बूट काढले. मोजे बुटांत खोचले. "आई, तू जेवली का?"

पंचफुलाबाईंनी उसासा टाकला. हा असाच. बिल असो की मामा, याचं उत्तर एकच.

म्हणजे तीन माणसं, तिघंही आपापल्या जागी जशी होती तशीच. आणि तरीही त्या दिवशी एक हात कोनाड्याकडे गेला होता.

४

दुसऱ्या दिवशी श्रीकांत शाळेत गेल्यावर त्यांनी कोनाड्यातला फोन उचलला, पदरात बांधला आणि मंगेशचं मोबाइलचं दुकान गाठलं. केतकीनं तिथूनच सिम घेतलं होतं, फोनच्या कुलपाचा आकडाही मंगेशनंच बसवून दिला होता.

"या काकू. आज घड्याळानं कोणाले शिव्या घातल्या?"

"शिव्या मी घालतो, घड्याळ नाही. हे उघड आन पाय, माहा भाऊ यादीत आहे का नाही."

मंगेशनं पाहिलं. "आहे ना जी. नत्थूजी, तिगाव. नंबरही बरोबर."

पंचफुलाबाई स्टुलावर बसल्या. आत्तापर्यंत रचलेलं सगळं ढासळलं होतं. भाऊ यादीत होता. मग अंबाबाई खोटं बोलली? की नत्थूच खोटं बोलला, न येण्याला निमित्त म्हणून? क्षणभर त्यांना वाटलं, पेटी उघडावी आणि लुगडी कपाटात टाकून मोकळं व्हावं.

"कितवा आहे?" त्यांनी एकदम विचारलं.

"शेवटचा. नववा. पुष्पाताईच्या खाली."

"केतकीनं पहिला ठेवला होता."

मंगेशचा चेहरा बदलला. "मंग कोणीतरी काढून पुन्हा टाकला असंन, काकू. काढला की फोटोही जाते. परत टाकला की नाव तळाशी येते. आन फोटो नवा लावा लागते."

"दाखव फोटो."

मंगेशनं फोन त्यांच्या डोळ्यांजवळ धरला. संत्र्याच्या झाडाखाली हसणारा नत्थू त्यात नव्हता. खाटेवर बसलेला, गाल आत गेलेला एक म्हातारा होता. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा.

काळा चष्मा. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आपरेशन, अंबाबाई म्हणाली होती. म्हणजे हा फोटो भाऊबीजेनंतरचा. म्हणजे घरातलं कोणीतरी तिगावला गेलं, त्या खाटेसमोर उभं राहिलं, नत्थूचा फोटो काढून आणला आणि बहिणीला शब्दानं सांगितलं नाही. निरोपही त्याच पायांनी गेला असणार.

"मोठा कर."

मंगेशनं दोन बोटांनी फोटो ताणला. काळा चष्मा, खोल गाल, बंडीची बटणं. खाटेच्या कडेला, नत्थूच्या गुडघ्याला टेकून, काहीतरी जांभळं होतं.

"हे काय वं काकू? पिशवी दिसते."

पंचफुलाबाईंनी फोन हातात घेतला. पोपटी काठ होता. त्या काठावरचा कोयरीचा वेल त्यांनी अकरा वर्षं स्वतःच्या अंगावर नेसला होता, डोळे मिटूनही त्यांनी ओळखला असता. त्या लुगड्याची जयश्रीनं एकच पिशवी शिवली होती.

त्यांनी फोन मंगेशच्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "मंगेश, या यादीतून माणूस काढतात कसा, ते मले शिकव. तू नको करू. माहं बोट धरून शिकव."

शिकून झाल्यावर त्यांनी घड्याळ तोंडाजवळ आणलं. यादी बोटानं खाली सरकवली, शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या भावाला स्वतःहून फोन लावत होत्या. पलीकडं घंटी वाजली, थांबली. नुसता श्वास ऐकू येत होता.

"नत्थू," त्या म्हणाल्या, "निघू का?"

मंगेश काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकला.

"ये, बाई," घड्याळातून आलं. "ये."

५

श्रीकांत पाचला आला. हिरवी पेटी ओसरीच्या पायरीशी होती. आई पेटीवर बसली होती, मांडीवर कोनाड्यातला फोन. दारात जयश्री उभी होती आणि तिच्या हातात, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, चहाचा कप होता.

तो पिशवी हँडलवरून काढायचं विसरला.

"बस," पंचफुलाबाई म्हणाल्या. "तू गणिताचा मास्तर. मी दुसरी नापास. चुकलं तर सांगजो. भाऊबीजेच्या सकाळी आठपासून बारापर्यंत नत्थूचे अकरा फोन आले. पुष्पाचा पोचला, केतकीचा पोचला, त्याचा नाही. म्हणजे यादीतून त्याले काढला होता. केतकी नागपूरले होती. जयश्रीनं माह्या पेटीत कापूर टाकला. उरलं कोण?"

श्रीकांत पायरीवर बसला.

"मंग तू शाळा सुटल्यावर तिगावले गेला. त्याले सांगतलं, बाईचं मन नाही. तो आता फोन करणार नाही हे पक्कं झालं, तवा तुनं त्याले यादीत वापस टाकला, कोणी पाह्यलं तर सगळं बरोबर दिसावं म्हणून. केतकीपाशी जुना फोटो मागितला असता तर तिनं काहून म्हणून विचारलं असतं. तवा तिथंच नवा काढला. आपरेशनचा काळा चष्मा तुह्या ध्यानात आला नाही. आन खाटेवर माहं लुगडं ठेवलं होतं, तेही नाही आलं. एक मात्र मले कळलं नाही. डबा खाटेवर कसा?"

श्रीकांतनं हँडलवरच्या पिशवीकडे पाहिलं. "मामा जेवले नव्हते. दोन दिवसांचे. मी त्याइले माहा डबा खाऊ घातला."

जयश्रीनं कप खाली ठेवला.

"खोटं सांगून मंग पोळी चारली," पंचफुलाबाई हळू म्हणाल्या. "तेही त्यानं खाल्लं. बहिणीच्या घरची पोळी म्हणून खाल्ली असंन."

"लोक काय म्हणले असते, आई," श्रीकांत जमिनीकडे पाहत म्हणाला. "सख्खा पोरगा जित्ता असून माय भावाच्या घरी राहायले गेली. शाळेत तोंड दाखवता आलं नसतं. आन तू नसली तर या घरात..." तो थांबला. डोळे भरले होते. मान वर करून त्यानं आईकडे पाहिलं, आणि सवयीनं विचारलं, "आई, तू जेवली का?"

पंचफुलाबाई पेटीवरून उठल्या.

"जेवली. आज पोटभर जेवली. आता तू ऐक. 'आई, नको जाऊ', एवढं तुह्या तोंडातून आलं असतं ना, तर म्या ही पेटी उघडली असती. लोकाइसाठी नाही, तुह्यासाठी. तुनं तेवढे शब्द वाचवले आन माह्या भावाचे अकरा फोन परत पाठवले. तुले ठाऊक होतं, तो विचारल्याशिवाय येत नाही. तुले हेही ठाऊक होतं, की मी स्वतःहून लावत नाही. आमचा दोघाइचा मान तुनं कुलूप करून माह्या हातावर बांधला, आन दीड महिना मी माह्याच भावाले शिव्या देऊन राहिली. तू बाजूले बसून ऐकत होता. माया तुह्यावर होती, आहे, मरेपर्यंत राहीन, त्याले माहा इलाज नाही. भरोसा गेला. आज यादीतून तुहा फोटो म्या काढला, माह्या बोटानं. तू फोन लावशीन तर ती बाई बोलन. मले भेटाचं असंन तर तिगावले ये, ओसरीच्या खाली उभा राय आन मामाले विचार, 'मामा, येऊ का?' त्यानं 'ये' म्हटलं तर वर ये. नाही म्हटलं तर परत विचार. अकरा वेळा विचारा लागलं तर अकरा वेळा विचार. आता पेटी उचल, साडेपाचची बस आहे."